हायपरव्हायजरमधील अंदाजी अंमलबजावणीच्या दोषांची दुरुस्ती

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायजरच्या कोडमधून, प्रोसेसरने अंदाजाने आगाऊ केलेल्या कामामुळे होणारी माहितीची गळती रोखण्यासाठी केलेल्या बदलांचा हा विषय आहे. मेमरीतून मूल्य येईपर्यंत न थांबता आधुनिक प्रोसेसर पुढील शाखेचा, म्हणजे अटीनुसार कोड कोणत्या वाटेने जाईल याचा, अंदाज बांधून सूचना पार पाडत राहतो. अंदाज चुकला तर निकाल रद्द होतात, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, पडलेल्या खुणा तशाच राहतात आणि वाचनाला लागणाऱ्या वेळेवरून त्या ओळखता येतात. स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे असे दोष ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाले. निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेचे हिशेब आणि पूर्ण अनोळखी ग्राहकाचे मशीन भाड्याच्या एकाच सर्व्हरवर असू शकतात, म्हणून हायपरव्हायजरमधील गळती विशेष गंभीर मानावी लागते.

लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून असलेल्या केव्हीएम या हायपरव्हायजरचे उदाहरण बोलके आहे. गेस्ट, म्हणजे आत चालणारे व्हर्च्युअल मशीन, आयओएपीआयसी या आभासी इंटरप्ट नियंत्रकाकडे (उपकरणांचे इशारे प्रोसेसरला पोहोचवणाऱ्या भागाकडे) नोंदीचा क्रमांक पाठवते आणि तो २४ पेक्षा कमी असल्याची खात्री करूनच केव्हीएम तक्त्यातील नोंद वाचते. तर्काच्या दृष्टीने या कोडमध्ये काहीही चूक नाही. तरीही वैध क्रमांक वारंवार पाठवून अंदाजाला वळण लावले, की पुढे आलेल्या अवैध क्रमांकासाठीही प्रोसेसर तपासणीचा निकाल लागण्याआधीच तक्त्याबाहेरील मेमरी वाचून एल१ या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये आणतो. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये उघड झालेल्या, इंटेल प्रोसेसरांतील एल१टीएफ दोषामुळे गेस्टला ती तेथून मिळवता येते.

यावरचा उपाय छोटा आणि फार सुंदर आहे. तपासणीनंतर क्रमांकावर गणिती मास्क लावतात: क्रमांक मर्यादेत असेल तर तसाच राहतो, बाहेर असेल तर शून्य होतो, आणि या आकडेमोडीत शाखाच नसल्यामुळे अंदाज बांधायला जागा उरत नाही. आधीचे काम संपेपर्यंत प्रोसेसरला थांबवणारी एलफेन्स ही सूचनाही हे काम करते, पण तिच्यामागचे सारे काम खोळंबते. मार्च २०२० च्या लिनक्स ५.६ मध्ये केव्हीएमच्या एक्स८६ भागात अनेक ठिकाणी असा मास्क बसवण्यात आला. खरे कष्ट जागा शोधण्याचे आहेत. स्मॅचसारखी कोड तपासणारी साधने संशयास्पद ओळी दाखवतात, परंतु गेस्टने दिलेला आकडा तक्त्यापर्यंत कसा पोहोचतो हे शेवटी माणसालाच कोड वाचून ठरवावे लागते.

बाकीचे उपाय गेस्ट आणि होस्ट (गेस्टना चालवणारी मूळ यंत्रणा) यांच्या सीमेवर होतात. एल१टीएफसाठी गेस्टमध्ये शिरण्यापूर्वी एल१ कॅश रिकामी करतात; २०१९ च्या एमडीएस दोषांसाठी व्हीईआरडब्ल्यू सूचनेने प्रोसेसरचे अंतर्गत बफर पुसतात. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एकाच गाभ्यावर दोन थ्रेड एकाच वेळी चालवण्याची सोय, चालू असेल तर जोडीच्या थ्रेडवरून एल१ वाचता येत असल्याने ही सफाई अपुरी पडते, आणि ते बंद केल्यास वेग घटतो.

बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या, खानापूरकडच्या मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला हे साध्या लिनक्स संगणकावरही पाहता येते. एलएससीपीयू ही कमांड प्रत्येक ज्ञात दोष आणि त्यावर चालू असलेला उपाय ओळीने दाखवते. गेस्टच्या आत मात्र होस्टच्या हायपरथ्रेडिंगची स्थिती अज्ञात असल्याचे उत्तर मिळू शकते. ती माहिती सर्व्हर चालवणाऱ्याकडूनच घ्यावी लागते.