केस पेपरवरचा वीस

गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या काकूंना न्यूमोनिया झाला, तेव्हा दोन रात्री मी त्यांच्या उशाशी होतो. फाईलमध्ये दर चार तासांनी श्वासाची नोंद होती: 20, 20, 20. वेळ जाईना म्हणून मीच मोबाईलच्या घड्याळावर मिनिटभर त्यांचा श्वास मोजला. 32 भरले. सिस्टरांना दोष देववेना, अख्ख्या वॉर्डाला दोघीच. ऑक्सिमीटर बोटाला लावला की आकडा आपसूक दिसतो. श्वास मोजायचा तर मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं, म्हणून तो बऱ्याच ठिकाणी अंदाजानेच लिहिला जातो.

पण या आकड्यावर बरंच अवलंबून असतं. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला 'कर्ब-65' नावाचा साधा हिशोब आहे. भान हरपणं, रक्तात युरिया वाढणं, मिनिटाला 30 किंवा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब आणि 65 किंवा त्यापुढचं वय, प्रत्येकाला एक गुण. काकू 68 वर्षांच्या. फाईलप्रमाणे गुण एक, म्हणजे बहुधा घरीच गोळ्या. माझ्या मोजणीने दोन, म्हणजे भरतीचा विचार.

मग रुग्णालय चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं? किती दगावले यावरून, असं चटकन वाटतं. पण पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इतरांनी हात टेकलेले रुग्णही येतात, आणि छोटं नर्सिंग होम गंभीर रुग्ण वेळीच पुढे पाठवून देतं. म्हणून वय, जुने आजार, येतानाची अवस्था हिशोबात धरूनच तुलना करायची असते. नेमका इथेच तो अंदाजाचा 20 सगळा हिशोब बिघडवतो.

दुसरा मार्ग म्हणजे काय केलं ते तपासणं: ऑक्सिजन पाहिला का, योग्य अँटिबायोटिक वेळेत दिलं का. यात अमेरिकेला चांगलाच धडा मिळाला. रुग्ण आल्यापासून चार तासांत पहिला डोस, असा निकष तिथे लावला. वृद्ध रुग्णांच्या नोंदींत लवकर डोस मिळालेले कमी दगावलेले दिसले होते, त्यामुळे हेतू वाईट नव्हता. पण घड्याळ चुकू नये म्हणून निदान पक्कं व्हायच्या आतच औषधं सुरू होऊ लागली. नुसता दमा वाढलेले, हृदयविकाराने धापा टाकणारेही त्यात सापडले. पुढे मुदत सहा तासांवर नेली, आणि शेवटी तो निकषच गुंडाळला.

काकूंचा श्वास 32 आहे हे सांगितल्यावर सिस्टरने स्वतः मोजलं. 30 आले. त्यांनी जुना आकडा खोडला नाही, शेजारी नवा लिहिला आणि ड्यूटी डॉक्टरांना फोन लावला.