शिफॉन केक (लिंबाचा)

लोण्याऐवजी वासरहित खाद्यतेल वापरून आणि अंड्यांच्या पांढऱ्या बलकाचा घट्ट फेस वेगळा मिसळून भाजलेला जाळीदार, ओलसर केक. संत्रे, अक्रोड, कोको असे त्याचे अनेक प्रकार होतात. प्रस्तुत नोंद लिंबाच्या प्रकाराला धरून लिहिली आहे. या केकमध्ये लिंबू चवीपुरते येत नाही, फेस टिकवण्याचे कामही तेच करते, आणि शिफॉन केकचे सगळे गणित फेसावरच उभे आहे.

ढोबळमानाने केकची दोन घराणी मानतात. एकात लोणी व साखर एकत्र फेसून हवा कोंडली जाते. हा केक भरीव, खुसखुशीत व स्निग्ध होतो. दुसऱ्यात स्निग्धांश जवळजवळ नसतोच आणि केक केवळ अंड्यांच्या फेसावर फुगतो. युरोपातील जुने स्पंज केक आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झालेला, निव्वळ पांढऱ्या बलकाचा ‘एंजल फूड’ केक या दुसऱ्या घराण्यातले. असे केक हलके खरे, पण लवकर कोरडे पडतात. शिफॉन केकने दुसऱ्या घराण्याचा हलकेपणा राखून पहिल्याचा ओलावा उचलला.

उगम : हा केक हॅरी बेकर (1883–1974) या लॉस अँजेलिसमधील गृहस्थाने शोधला, याबद्दल फारसे दुमत नाही. बेकर हे त्याचे आडनावच होते; व्यवसायाने तो विमा विकणारा होता. शोधाचे साल बहुतेक ठिकाणी 1927 असे दिलेले आढळते. मात्र बेकरने ही कृती जवळजवळ वीस वर्षे गुप्त ठेवली व स्वतः कधी छापली नाही. त्यामुळे 1927 हे साल पुढे ज्या कंपनीने कृती विकत घेतली तिच्या प्रसिद्धीतून आणि बेकरच्या सांगण्यातून आलेले आहे. ‘1927 च्या सुमारास’ असे म्हणणे अधिक सुरक्षित. या काळात तो हॉलिवूडच्या नटनट्यांची ये-जा असलेल्या ‘ब्राउन डर्बी’ या उपाहारगृहाला केक पुरवीत असे. राहत्या घरातच अनेक छोट्या भट्ट्या मांडून तो अठरा-अठरा तास काम करी व दिवसाला 42 केक काढी, असे सांगितले जाते.

1947 मध्ये त्याने कृती ‘जनरल मिल्स’ या पीठ बनवणाऱ्या कंपनीला विकली. तेव्हा उघड झालेले गुपित अगदी साधे होते: लोण्याच्या जागी सॅलडवर घालायचे तेल. कंपनीने आपल्या प्रयोगशाळेत कृती घरगुती मापांत बसवली आणि मे 1948 च्या ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’ या मासिकातून ती घरोघरी पोचली. ‘शंभर वर्षांतला पहिला नवा केक’ अशी तिची जाहिरात झाली.

हा दावा कितपत खरा, यावर पाकशास्त्राच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, केकमध्ये तेल घालणे मुळीच नवे नव्हते. भूमध्य सागराच्या काठी ऑलिव्ह तेलाचे केक जुनेच आहेत. मांस आणि दूध एकाच जेवणात न घेण्याच्या नियमामुळे ज्यू घरांतही तेलाचा मधाचा केक परंपरेने चालत आलेला आहे. पांढरा बलक वेगळा फेसणे तर एंजल फूडमुळे अमेरिकन गृहिणींच्या हातात आधीपासूनच होते. दुसरी बाजू म्हणते की, तेल आणि फेस या एकमेकांच्या वैरी गोष्टी एकाच भांड्यात नांदवणे हा खरा शोध, आणि त्याचे श्रेय बेकरला द्यायलाच हवे. दुसरे मत अधिक पटणारे आहे. तेलाचे जुने केक चविष्ट असले तरी घट्ट असत. शिफॉनची जाळी त्यांना नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातील लोण्याच्या टंचाईतून हा केक जन्मला, असेही कधीकधी लिहिले जाते. बेकरचा काळ युद्धाच्या बराच आधीचा असल्यामुळे ते ग्राह्य धरता येत नाही. अमेरिकेतील लोण्याचे शिधावाटप नुकतेच संपलेले असताना तेलाचा केक लोकांनी चटकन आपलासा केला असावा, इतकेच म्हणता येईल. त्याहून महत्त्वाची, पण सहसा दुर्लक्षित राहणारी बाब तेल शुद्धीकरणाची. डेव्हिड वेसन या रसायनज्ञाने 1899 च्या सुमारास सरकीच्या तेलाचा वास काढून टाकण्याची पद्धत बसवली. ज्याला वास नाही, चव नाही असे तेल वाण्याकडे मिळू लागल्यावाचून हा केक संभवलाच नसता.

नाव : ‘शिफॉन’ हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ चिंधी, पुढे तलम कापड. शिफॉनच्या साडीतला शब्द तोच. केकला हे नाव कापडावरून थेट मिळाले की ‘शिफॉन पाय’ (इंग्रजी pie, म्हणजे सारण भरलेले भाजके पक्वान्न) यावरून, हे नक्की ठरवणे कठीण आहे. फेसलेला पांढरा बलक मिसळून हलके केलेल्या सारणाचे हे पक्वान्न 1920 च्या दशकात लॉस अँजेलिसमध्येच मनरो बॉस्टन स्ट्रॉस या कारागिराने नावारूपाला आणले होते. एकच शहर आणि फेसाचे एकच तंत्र पाहता पायवरून केक हा क्रम अधिक संभवनीय वाटतो.

तेल आणि फेस : लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश व 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि नेहमीच्या तापमानाला ते घट्ट असते. म्हणूनच साखरेच्या कणांबरोबर घोटताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. तेल प्रवाही असल्याने त्यात हवा धरून ठेवता येत नाही. लोणी काढले की हवा दुसरीकडून आणावी लागते, आणि ती पांढऱ्या बलकातून येते. बलक घुसळला की त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात व प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पडदा तयार होतो. या पडद्यात स्निग्धांशाचा थेंब शिरला की प्रथिनांची पकड सुटते. भांड्याला लागलेला तुपाचा ओशटपणा किंवा सांडलेला चिमूटभर पिवळा बलकही फेस बिघडवायला पुरतो. यासाठी तेल पिवळ्या बलकाबरोबर घोटून घेतात. त्यातील लेसिथिन तेल व पाणी यांचा मिलाफ घडवून आणते. तेल असे मैद्याच्या मिश्रणात बांधले गेल्यावरच फेस शेवटी, हलक्या हाताने मिसळायचा.

लिंबाचा आम्लपणा येथे कामी येतो. बलक फार घुसळला गेला की प्रथिनांमध्ये गंधकाचे बंध वाढत जातात, फेस रवाळ होतो व पाणी सोडतो. आम्ल हे बंध जुळू देत नाही. मूळ कृतीत या कामासाठी क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड) सांगितले आहे. त्याऐवजी एका पांढऱ्या बलकामागे अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घातला तरी चालते. रवी उचलल्यावर फेसाचे तुरे ताठ उभे राहिले आणि फेसावरची चकाकी अजून गेलेली नाही, हा थांबण्याचा क्षण. भांडे उलटे केले तरी फेस हलत नाही, ही घरगुती परीक्षा भरवशाची आहे.

स्वादाचे काम मात्र रसाकडून होत नाही. रसात मुख्यतः सायट्रिक आम्ल असते. लिंबाचा म्हणून ओळखू येणारा सुवास सालीतील तेलाचा असतो, आणि त्यात लिमोनीन व सिट्रल ही द्रव्ये महत्त्वाची. ती तेलात विरघळतात. त्यामुळे किसलेली साल साखरेत बोटांनी चोळून मग तेल-बलकाच्या मिश्रणात घातली, की भट्टीच्या उष्णतेतही सुवास बराचसा टिकतो. साखर ओलसर होऊन तिला फिकट पिवळी झाक येते आणि ओट्यावर वास दरवळतो, इतके चोळणे पुरे. रसाचा हात सैल सोडला तर बेकिंग पावडरचा वायू भांड्यातच निघून जातो व केकचा वरचा रंग फिका राहतो.

मापे व भाजणे : 1948 च्या कृतीचा सांगाडा आजही बव्हंशी तसाच वापरला जातो. सव्वादोन कप चाळलेला केकचा मैदा (केकसाठीचा कमी प्रथिनांचा मैदा), दीड कप साखर, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, एक छोटा चमचा मीठ, अर्धा कप तेल, पाच पिवळे बलक, पाऊण कप पाणी, एक कप पांढरा बलक व अर्धा छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर. लिंबाच्या प्रकारात दोन छोटे चमचे किसलेली साल येते; हवे तर पाण्यातील दोन मोठे चमचे वगळून तेवढा रस घालतात. आपल्याकडील मध्यम अंड्यात पांढरा बलक सुमारे 30 ग्रॅम निघतो, तेव्हा एका कपाला आठ अंडी धरावी लागतात. अंडी थंड असताना फोडली तर बलक नीट वेगळे होतात. फेसण्यापूर्वी मात्र पांढरा बलक थोडा वेळ बाहेर ठेवावा. साधा मैदा असल्यास दर कपातून दोन मोठे चमचे काढून तेवढे कॉर्नफ्लोअर घालावे, म्हणजे केक चिवट होत नाही.

भांडे 25 सेंमी. व्यासाचे, मधे नळी असलेले घेतात. नळीमुळे मधल्या मिश्रणालाही आच पोचते. भांड्याला तेल किंवा लोणी अजिबात लावत नाहीत. मिश्रण भिंतीला धरून वर चढते; भिंत निसरडी असली की चढलेले खाली घसरते. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी त्यामुळेच या केकला निरुपयोगी. मूळ कृतीत सुमारे 163 अंश से. वर 55 मिनिटे व नंतर 177 अंशांवर 10 ते 15 मिनिटे असे दोन टप्पे दिले आहेत.

भट्टीतून काढल्याबरोबर केक भांड्यासकट उलटा करून नळी बाटलीच्या मानेवर बसवतात व पूर्ण गार होईपर्यंत तसाच टांगून ठेवतात. गरम असताना त्याच्या जाळीच्या भिंती ओल्या व दुबळ्या असतात. सरळ ठेवला तर स्वतःच्याच वजनाने केक बसतो. उलटा टांगल्यावर तेच वजन जाळीला खाली ओढून ताणून धरते. प्रथमच करणाऱ्याला केक खाली पडेल ही धास्ती वाटते, पण भांडे कोरडे ठेवले असेल तर तो सहसा पडत नाही. गार झाल्यावर कडेने पातळ सुरी फिरवून सोडवतात.

प्रसार : आग्नेय आशियात नारळाचे दूध व पंडन या सुवासिक पानाचा रस घालून केलेला हिरवा शिफॉन केक सिंगापूर, मलेशिया व इंडोनेशियात अतिशय लोकप्रिय आहे. जपानमध्ये बेकिंग पावडर वगळून केवळ फेसावर तो फुगवण्याकडे कल दिसतो.

महाराष्ट्रातील साहित्याविषयी दोन गोष्टी. पाश्चात्त्य कृतींमधील ‘लेमन’ म्हणजे जाड सालीचे पिवळे फळ; आपले कागदी लिंबू ही वेगळी जात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘साई शरबती’ हा कागदी लिंबाचाच प्रसिद्ध वाण. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणे पातळ असते, खालचा पांढरा थर लगेच लागतो आणि कडवटपणा उतरतो. किसणीवर फळ एका जागी एकदाच फिरवावे. तेलाच्या बाबतीत सूर्यफूल किंवा सोयाबीनचे रिफाइंड तेल योग्य. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास लिंबावर मात करतो, आणि खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजत असल्याने थंडीत केक लोण्याच्या केकसारखाच कडक होतो.

अंडी न खाणाऱ्या घरांत दही व खाण्याचा सोडा घालून तेलाचा लिंबाचा केक करतात. तो चांगला होतो, पण फेसाअभावी त्याला शिफॉन म्हणता येत नाही. काबुली चणे शिजवलेले दाट पाणी पांढऱ्या बलकाप्रमाणे फेसता येते, हे 2014–15 मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील हौशी प्रयोगांतून पुढे आले. उष्णतेने घट्ट होऊन जाळी धरून ठेवण्याचा अंड्यातील प्रथिनांचा गुण मात्र त्यात तितकासा नाही, आणि अशा केकला उलटे टांगण्याइतका जोर सहसा येत नाही.