पितृवाचक आडनावे, स्पॅनिश व पोर्तुगीज

वडिलांच्या नावाला स्पॅनिशमध्ये ‘-एझ’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘-एस’ प्रत्यय जोडून तयार झालेली आडनावे. रोद्रिगोचे अपत्य ते रोद्रिगेझ किंवा रोद्रिगेस, फेर्नांदोचे ते फेर्नांदेझ किंवा फेर्नांदेस. मुलगा असो वा मुलगी, रूप एकच. लोपेस ज्या ‘लोपो’ नावावरून आले, त्याच्या मुळाशी लांडगा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. प्रत्ययाच्या उगमावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी तो लॅटिन षष्ठीतून आल्याचे मानतात, कोणी बास्क किंवा रोमनपूर्व भाषांतून. मूळ नावांपैकी रोद्रिगो, फेर्नांदो, गोन्सालो अशी कितीतरी व्हिसिगॉथांची, म्हणजे रोमनांनंतर स्पेनवर राज्य करणाऱ्या जर्मॅनिक लोकांची. त्यांचे राज्य ७११ च्या मुस्लिम स्वारीत कोसळले, पण नावे लोकांच्या तोंडी राहिली.

मध्ययुगात हे आडनाव नव्हतेच. आपल्याकडे नावानंतर वडिलांचे नाव लावतात आणि ते दर पिढीला बदलते, तसाच हा प्रकार होता. ‘एल सिद’ म्हणून गाजलेला स्पेनमधील कास्तील राज्याचा योद्धा रोद्रिगो दिआझ (मृत्यू १०९९) हा दिएगो लाइनेझचा मुलगा. त्याचा स्वतःचा मुलगा दिएगो रोद्रिगेझ, मुली क्रिस्तिना आणि मारिया रोद्रिगेझ. बायकोचे नाव हिमेना दिआझ. पण ते नवऱ्याकडून आलेले नाही. तिच्याही वडिलांचे नाव दिएगो होते, एवढेच. पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रिकेस याच्या नावातही त्याचा पिता काउंट एन्रिके आहे.

साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकांत ही नावे गोठू लागली. जमीन आणि वारसा यांच्या कागदांत घराण्याची ओळख टिकणे गरजेचे झाले, आणि नातवालाही आजोबांचेच ‘-एस’ लागू लागले. १५६३ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने चर्चमधील बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदवह्या सक्तीच्या केल्यावर ती आणखी पक्की झाली. म्हणूनच दोन रोद्रिगेझ घराणी एका कुळातली असतीलच असे नाही. रोद्रिगो नावाचे बाप गावोगावी होते. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंनीही नुनेस, मेंदेस, एन्रिकेस अशी रूढ नावे घेतली.

पुढे ही नावे जहाजांबरोबर अमेरिका खंडात गेली, तशी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आली. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव नव्या ख्रिस्ती कुटुंबाला मिळे. म्हणजे येथे नाव पोचले तेच गोठलेल्या अवस्थेत. वसईची सत्ता १७३९ मध्ये मराठ्यांकडे आली, तरी फर्नांडिस, लोपिस, गोन्साल्विस तेथे राहिले. (डिसोझा आणि परेरा यांना पितृवाचक समजणे चूक आहे, पहिले स्थलनाम, दुसऱ्याचा अर्थ नासपतीचे झाड.)

गोव्यात भेटणारे ‘वाझ’ हे वास्केसचे आखूड रूप, अर्थ ‘वास्कोचे अपत्य’. २०१५ मध्ये संतपद मिळालेले जुझे वाझ (१६५१–१७११) यांच्या वडिलांचे नाव होते क्रिस्तोव्हाव.