मागे बसलेली गाडी आणि बिचारा शॉकअप

पावसाळा सरला की बेळगाव-खानापूर भागातल्या गॅरेजांत एक निदान हमखास ऐकू येतं : "शॉकअप गेल्यात की हो, म्हणून मागं बसलीय गाडी." मालक मागचे दोन्ही शॉकअप बदलून घेतो, पैसे मोजतो, आणि गाडी होती तेवढीच बसलेली राहते. राहणारच. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा अशी रचना असलेल्या जुन्या हॅचबॅकमध्ये गाडीचं वजन शॉकअप पेलतच नाही, ते स्प्रिंग पेलते. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावा. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा अंतर बरंच कमी भरलं, तर थकली आहे ती स्प्रिंग.

खड्ड्याचा दणकाही आधी स्प्रिंगच घेते. पण घेतलेली ऊर्जा ती ठेवून घेत नाही, परत करते. एकदा रेटा दिलेला झोपाळा जसा झुलत राहतो, तशी नुसत्या स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डुलत राहील. ही डुलणी मारणं, म्हणजे त्या ऊर्जेची उष्णता करून टाकणं, हे शॉकअपचं काम.

ते तो कसं करतो, हा माझा सगळ्यात आवडता भाग. आत तेलाने भरलेली नळी, तीत दांड्याला जोडलेला दट्ट्या, आणि दट्ट्याला भोकं. दांडा हलला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. नुसतं भोक ठेवलं तर पंचाईत होते, कारण त्यातला विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. वळणावर गाडी सावकाश कलते तेव्हा शॉकअप ढिला, आणि खड्ड्यात चाक झटक्याने वर आलं की दगडासारखा कडक! म्हणून भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक बसवतात. एकेक चकती मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच जाड. दाब वाढला की त्या कडेने वाकतात आणि तेलाला वाट रुंद करून देतात. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दाब वाढला की आपोआप उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमागचा विचारही हाच. दट्ट्याच्या दोन्ही तोंडांना चकत्यांची चळत वेगळी असते. त्यामुळे लांब होतानाचा विरोध दबतानाच्या विरोधापेक्षा बहुधा दुप्पट-तिप्पट ठेवता येतो. दांडा सेकंदाला ०.३ मीटर वेगाने सरकताना विरोध १००० न्यूटन असेल, तर त्या क्षणी ३०० वॅट दराने उष्णता तयार होते. जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्याने आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळे.

तेल इतकं घुसळलं की फेसाळतं, आणि फेस चकत्यांना दाद देत नाही. म्हणून या नळीभोवती जी दुसरी, बाहेरची नळी असते, तिच्यात तेलाच्या वर राहणाऱ्या मोकळ्या जागेत कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. 'गॅसवाला' म्हणून मिरवणाऱ्या शॉकअपमधला गॅस एवढ्यापुरताच. बसलेली गाडी तो उचलून धरत नाही.

बसलेली गाडी उचलायला स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफरही जोरात खपतात. थोडं गणित : डुलणी किती लवकर विझते ते ठरवणारं गुणोत्तर ζ = c ÷ 2√(km). यात c म्हणजे शॉकअपचा वेगाच्या मानाने होणारा विरोध, k स्प्रिंगचा कडकपणा, m तिच्यावरचं वस्तुमान. बफरने k दीडपट झाला आणि c तोच राहिला, तर गुणोत्तर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतं. गाडी उंच दिसेल, उसळेल मात्र जास्त. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने निदान या गुणोत्तरात फरक पडत नाही.

शॉकअप खरंच गेला असेल तर अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, आणि आपल्याकडे त्यावर तांबडी धूळ बसून चिखलाचा थर जमतो. नुसता ओलसरपणा असला तर घाबरू नका. डिकी दाबून सोडण्याची चाचणी सावकाश हालचालीचीच असते. पार मेलेला शॉकअप तीत सापडतो, अर्धमेला निसटतो.

घरी बदलणार असाल तर पुढच्या चाकांना अडसर लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. जांभ्याच्या चिऱ्यावर अजिबात नको, तो न सांगता फुटतो. एक्सलखाली, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली, दुसरा जॅक हवा, कारण खालचा बोल्ट काढताच एक्सल खाली येतो, स्प्रिंग सुटू शकते आणि ब्रेकच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, ताण बसतो. एका वेळी एकच बाजू सोडवा, पण शॉकअप जोडीनेच बदला. वरचा नट फिरवताना दांडाही फिरायला लागला, तर त्याच्या टोकाला पान्यासाठी केलेली जागा धरा. चकचकीत भागाला पकड लावली की ओरखडा उठतो आणि तोच ओरखडा पुढे तेल अडवणारं सील कापतो.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असू शकते. दांडा वर ठेवून तो उभा धरा आणि पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. मधली पोकळ जागा जाणवेनाशी होईपर्यंत हे करत राहा, नंतर आडवा ठेवू नका. खालचा बोल्ट हवेत लटकत्या चाकावर आवळू नये. जॅकने एक्सल नेहमीच्या उंचीला आणा आणि मगच आवळा, नाहीतर बोल्टभोवतीचा रबरी बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

काढलेले शॉकअप भंगारवाल्याला देताना आत तेल आणि दाबाचा गॅस आहे हे सांगा, म्हणजे तो सरळ गॅस कटर लावणार नाही.