भोवळ, पेसमेकर आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्या

सुई दिसली की काही जण कोसळतात, काहींना उन्हात ताटकळून भोवळ येते. लगेच कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगवतं. मिनिटभरात माणूस डोळे उघडतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. खरं तर आडवं पडल्यामुळेच पोटापायांत साचलेलं रक्त हृदयाकडे परतलेलं असतं. म्हणून अशा माणसाला धरून बसवू नका, झोपूनच राहू द्या.

या प्रतिक्षिप्त भोवळीत दोन गोष्टी एकदम घडतात. व्हेगस ही चेता हृदयाची गती उतरवते, कधी काही सेकंद ठोकेच थांबवते. त्याच वेळी रक्तवाहिन्या आवळून धरणारे चेतासंदेश ओसरतात, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला, तरी शुद्ध हरपते. ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३२ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं: अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन हे व्हेगसचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर नाडी वाढली, पण रक्तदाब खालीच राहिला आणि माणूस फिकटच दिसत होता. नाडी सावरली म्हणजे भोवळ सावरली, असं नाही!

पेसमेकरची अडचण नेमकी हीच. तो ठोका देतो, वाहिन्या आवळत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत तो फार गुणकारी वाटला होता. मग २००३ मध्ये १०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. यंत्र सगळ्यांनाच बसवलं होतं, पण निम्म्यांत ते ठोके न देता नुसतं लक्ष ठेवून होतं, आणि कोणाचं चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया झाल्याचा दिलासासुद्धा केवढा परिणाम करतो!

मग रुग्ण निवडायचे कसे? २०१२ च्या ‘इश्यू-३’ चाचणीत चाळिशीपुढच्या, वारंवार भोवळ येणाऱ्या रुग्णांच्या त्वचेखाली नोंदयंत्र ठेवलं. भोवळीच्या वेळी हृदय ३ सेकंद किंवा अधिक थांबलं, किंवा भोवळ न येताही ६ सेकंद थांबलं, अशांनाच पेसमेकर बसवला, काहींत चालू, काहींत बंद. दोन वर्षांत पुन्हा भोवळ आली ती पेसमेकर बंद असलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना, चालू असलेल्यांपैकी २५ टक्क्यांना. उरलेल्या त्या पाव हिश्श्यात सैलावलेल्या वाहिन्यांचा हात असणार, असं मला वाटतं.

तरुणपणी क्वचित येणाऱ्या भोवळीला भरपूर पाणी, आणि डोळ्यांपुढे अंधारी येताच पायांची घट्ट अढी घालणं किंवा खाली झोपणं बहुधा पुरतं. धावताना शुद्ध हरपली तर मात्र तातडीने तपासणी हवी. आणि कुणी पेसमेकर सुचवलाच, तर आधी विचारा: ठोके थांबल्याची नोंद आहे का, आणि ती किती सेकंदांची?