मोका पॉटची कॉफी आणि एस्प्रेसो : दाब नेमका येतो कुठून?

ज्यांच्या घरी मोका पॉट (शेगडीवर ठेवून कॉफी करायचे तीन भागांचे इटालियन भांडे) आहे, अशा माणसांकडून मी दोन वाक्ये वारंवार ऐकत आले आहे. पहिले, “आम्ही घरी एस्प्रेसोच करतो.” दुसरे वाक्य काही महिन्यांनी, महागाचे यंत्र घरी आल्यावर येते : “एवढे पंधरा बारचे यंत्र घेतले, पण मोका पॉटची कॉफी याहून बरी होती.” पहिले वाक्य चुकीचे आहे, दुसरे बहुतेक वेळा खरे असते, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. दाब (तो ‘बार’ या एककात मोजतात; १ बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतालच्या हवेच्या दाबाएवढा) हा यंत्राच्या पोटात भरलेला असतो आणि जास्त पैसे मोजले की तो जास्त मिळतो, असे लोकांना वाटते. हा गैरसमज दूर झाल्याशिवाय यंत्र, ग्राइंडर आणि बिया यांपैकी कशाचीच निवड नीट होत नाही, म्हणून तो सविस्तर सोडवणे मला आवश्यक वाटते.

आधी एक वेगळी गोष्ट बाजूला काढते. मंगल कार्यालयात वाफेची नळी दुधात बुडवून फेस आणलेली, वर कोको भुरभुरवलेली जी ‘एक्स्प्रेसो’ मिळते, ती आवडत असेल तर जरूर प्यावी. पण ती इन्स्टंट कॉफीची पूड घातलेली दुधाची कॉफी असते आणि तिचा या विषयाशी संबंध नाही.

मोका पॉटविषयी फार लिहीत नाही, कारण तो वापरणाऱ्यांना सगळे ठाऊक असते : खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत पाणी, मधल्या गाळणीत न दाबता सपाट केलेली पूड, मंद आच, आणि गुरगुर वाढण्याआधी गॅस बंद. खालच्या भांड्यात कोंडलेली हवा आणि वाफ पाण्याला वर ढकलतात. हा दाब साधारण १ ते दीड बार, फार तर २ बारच्या आत असतो.

या दाबावर निघालेल्या कॉफीला एस्प्रेसो म्हणण्यामागे निव्वळ अज्ञान नाही, इतिहासही आहे. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते वाफेच्या दाबावरच चालत असे, आणि त्या पिढीतल्या यंत्रांचा दाबही दीड बारच्या आसपास होता. अल्फोन्सो बियालेत्ती यांचा मोका १९३३ मध्ये आला, तेव्हा इटलीतल्या कॅफेमधली कॉफी आणि घरच्या शेगडीवरची कॉफी यांच्यात दाबाच्या दृष्टीने मोठे अंतर नव्हते. अंतर पडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अकिले गाज्जा यांनी स्प्रिंगवर चालणाऱ्या दट्ट्याचे लिव्हर यंत्र बाजारात आणले, दाब एकदम ८-९ बारपर्यंत गेला आणि कपात कॉफीवर प्रथमच तो तपकिरी, दाट थर दिसू लागला, ज्याला क्रेमा म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्राने दट्ट्याच्या जागी विजेचा पंप आणला आणि ९ बार हे प्रमाण रूढ झाले. नाव जुनेच राहिले, पण त्या नावाची वस्तू बदलली. आज एस्प्रेसो म्हणजे १८ ग्रॅम पुडीतून, सुमारे ९३ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने, ९ बारच्या आसपासच्या दाबाखाली, २५ ते ३० सेकंदांत निघालेली साधारण ३६ ग्रॅम कॉफी. मोका पॉटमध्ये जवळजवळ तेवढ्याच पुडीतून तिप्पट-चौपट कॉफी निघते. ती कडक असते, चांगलीही असते, पण एस्प्रेसोच्या मानाने पातळ असते आणि तिच्यावर क्रेमा टिकत नाही.

इथवरचा फरक वाचून लोक मान डोलावतात आणि लगेच विचारतात, “मग १५ बारचे यंत्र घेतले की झाले?” खरी चूक इथेच होते.

पंप दाब तयार करत नाही. पंप पाणी ढकलतो, आणि त्या पाण्याला अडथळा झाला तरच दाब तयार होतो. सोसायटीच्या आवारात नळीने गाडी धुणाऱ्याला हे माहीत असते : नळ पूर्ण सोडला तरी नळीचे तोंड मोकळे असेल तर पाणी पायाशीच पडते, आणि तोंडावर अंगठा धरला की तेच पाणी गाडीच्या टपापर्यंत उडते. नळ तोच, टाकी तीच, फरक अंगठ्याचा. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी एकदा पोर्टाफिल्टर (पूड भरून यंत्राला अडकवायचा दांड्याचा भाग) न लावता ते सुरू करून पाहावे. खोक्यावर कितीही बार छापलेले असोत, पाणी मुकाट्याने खाली गळते आणि दाब जवळपास शून्य असतो. एस्प्रेसोच्या यंत्रात अंगठ्याचे काम करते ती कॉफीची वडी, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या छिद्रांच्या वाटीत, बास्केटमध्ये, टॅम्पर नावाच्या सपाट दट्ट्याने दाबून बसवलेली बारीक पूड. त्या वडीतून पाणी किती कष्टाने वाट काढते, यावर दाब किती चढेल हे ठरते. पूड जाड असेल तर पाणी ७-८ सेकंदांत धो-धो वाहून जाते, दाब चढतच नाही आणि कॉफी पाणचट, आंबट लागते. पूड फाजील बारीक असेल तर पंप घरघरतो, थेंब-थेंब कॉफी येते आणि ती कडू, करपट लागते. पुडीचे कण एकसारखे नसतील किंवा वडी एका बाजूला कच्ची बसली असेल, तर पाणी त्या कमकुवत जागेतून चोरवाट काढते आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही चवी येतात.

खोक्यावरचे १५ बार, कधी कधी २० बार, ही संख्या मला मनापासून खटकते. वाट जवळजवळ पूर्ण बंद केल्यावर तो छोटा पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, एवढाच तिचा अर्थ आहे. नीट बनवलेल्या यंत्रात उलट एक झडप बसवलेली असते, जी ९ बारच्या आसपास पोचल्यावर जादा पाणी परत वळवते. म्हणजे १५ हा आकडा ९ पेक्षा मोठा असला, तरी तो चांगल्या कॉफीचे माप नाही, आणि त्या आकड्यासाठी कोणीही एक रुपयासुद्धा जास्त मोजू नये.

मला हे कळायला वेळ लागला. गोरेगावच्या आमच्या घरी पहिले यंत्र आले तेव्हा मी पाकिटातली दळलेली कॉफी वापरत असे. सोबत आलेले बास्केट ‘नवशिक्यांचे’ आहे असे कोणीतरी सांगितले, म्हणून मी वेगळे, साधे बास्केट मागवले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कप आंबट, पातळ आणि बेचव होऊ लागला. मी पंप बिघडला असे समजून दुरुस्तीच्या माणसाला बोलावले. त्याने दाबमापक लावून पाहिला आणि पंप ठणठणीत असल्याचे दाखवले. बिघाड माझ्या पुडीत होता.

या दोन बास्केटमधला फरक यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानातच समजायला हवा, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. घरगुती यंत्रासोबत बहुधा दुहेरी तळाचे बास्केट येते. ते उजेडासमोर धरले की आतून शेकडो छिद्रे दिसतात, पण बाहेरच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे एकच छिद्र असते. इथे अंगठ्याचे काम वडी करत नाही, ते एक छिद्र करते. पूड जाड असो, शिळी असो, सारखी नसो, छिद्र अडथळा निर्माण करतेच आणि त्यातून जोराने बाहेर पडताना कॉफीला फेसही येतो. हा फेस क्रेमासारखा दिसतो, मात्र काही क्षणांत विरतो आणि त्याचा कॉफीच्या चवीशी काही संबंध नसतो. साध्या, एकेरी तळाच्या बास्केटला ही सोय नाही. त्यात दाब फक्त वडीच देऊ शकते. म्हणूनच “यंत्रापेक्षा मोका पॉट बरा” हे वाक्य बहुतेक वेळा खरे निघते. मोका पॉट कमी दाबासाठीच बनलेला आहे आणि मध्यम-बारीक पुडीतून जेवढे काढता येते तेवढे प्रामाणिकपणे काढतो. दुहेरी तळाचे बास्केट त्याच पुडीवर एस्प्रेसोचा आभास चढवते.

म्हणून माझा आग्रह असा : घरी एस्प्रेसो करायची असेल तर आधी ग्राइंडर घ्यावा, मग यंत्र. ग्राइंडर घ्यायचा नसेल तर यंत्र घेऊच नये, मोका पॉटवर समाधानाने राहावे.

ग्राइंडर म्हणजे मिक्सरचे चटणीचे भांडे नव्हे. मिक्सरचे पाते दाणे कापत, आपटत फिरते, त्यातून काही कण पिठासारखे आणि काही रव्यासारखे निघतात, आणि जास्त वेळ फिरवले तर पूड गरमही होते. कॉफीला लागते ते दळायचे जाते. गिरणीत आपण “भाकरीसाठी बारीक” किंवा “लाडवासाठी जाडसर” असे सांगतो, तेव्हा गिरणीवाला दोन दगडांमधले अंतर कमी-जास्त करतो. कॉफीच्या बर ग्राइंडरमध्ये पोलादाच्या दोन दातेरी चकत्या नेमके हेच काम करतात. एस्प्रेसोसाठी प्रश्न एवढाच की हे अंतर किती बारकाईने बदलता येते. काही स्वस्त हातग्राइंडरमध्ये एका टिचकीला, म्हणजे जुळवणीची कडी एक खाच फिरवल्यावर, चकती सुमारे ८० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकते. मोका पॉटला ते चालते, पण एस्प्रेसोत एका टिचकीला १५ सेकंदांची धार आणि पुढच्या टिचकीला ५० सेकंदांची धार येते, आणि हवी ती २८ सेकंदांची धार दोहोंच्या मधे कुठेतरी हरवते. एस्प्रेसोसाठी बनवलेल्या हातग्राइंडरमध्ये टिचकी २०-२५ मायक्रॉनची किंवा त्याहून लहान असते. घेताना हा एक आकडा विचारावा. रंग, आकार, सोबत येणारी पिशवी यांना महत्त्व देऊ नये.

हाती ग्राइंडर आल्यावर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा, १८ ग्रॅम पूड आणि ३६ ग्रॅम कॉफी हे दोन आकडे पक्के ठेवावेत आणि फक्त वेळ पाहावी. लवकर निघाली तर दळण बारीक करावे, उशिरा निघाली तर जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

मुंबईतल्या लहान ओट्यासाठी माझी पसंती हाताने दाबायच्या लिव्हरच्या यंत्राला आहे. त्यात पंप नाही, वीज नाही; उकळते पाणी ओतायचे आणि दट्टा आपल्या हाताने दाबायचा. वडी कच्ची असेल तर दट्टा हाताखाली सहज बुडतो, वडी घट्ट असेल तर तो अडतो, त्यामुळे दाब कुठून येतो हे पहिल्या दिवसापासून मनगटाला कळते. घरात रोज चार-पाच कप लागत असतील किंवा दुधाला फेस हवा असेल तर मात्र वाफेची नळी असलेले विजेचे यंत्रच सोयीचे, पण त्यासाठी एकेरी तळाचे बास्केट वेगळे मिळते का, याची खात्री आधी करून घ्यावी.

पाण्याची काळजी मुंबईत फारशी नाही. महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येते आणि ते मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मात्र यंत्रात घालू नये.

आता बियांविषयी. ‘एस्प्रेसो बीन्स’ नावाची कॉफीची जात अस्तित्वात नाही. पाकिटावरच्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच की भाजणाऱ्याने त्या बिया एस्प्रेसोसाठी योग्य वाटतील इतपत भाजल्या आहेत. त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची असते ती भाजल्याची तारीख. ताज्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, क्रेमा त्याच्याच जोरावर बनतो, आणि वडीच्या अडथळ्यातही त्याचा वाटा असतो. भाजल्यावर साधारण ८-१० दिवसांनी बिया वापराव्यात आणि महिना-दीड महिन्यात संपवाव्यात. ज्या पाकिटावर भाजल्याची तारीख नाही, फक्त ‘अमुक महिन्यापूर्वी वापरा’ असे आहे, ते मी घेत नाही. ब्लू टोकाई किंवा वांद्र्याचे सुबको यांच्यासारखे भाजणारे ही तारीख छापतात, तेव्हा मुंबईकराला ती न मिळण्याचे कारण नाही.

माटुंग्याच्या दुकानांतून डोळ्यांसमोर दळून मिळणारी फिल्टर कॉफी मला फार प्रिय आहे, पण ती एस्प्रेसोच्या बास्केटमध्ये घालू नये. तिच्यात बहुधा चिकोरी असते. आपल्या कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी हे मूळ आहे, बी नव्हे, आणि कॉफीच्या पुडीसाठी बसवलेला सगळा हिशेब तिच्यामुळे बिघडतो.

चिकमगळूर आणि कोडगूच्या मध्यम ते गडद भाजलेल्या अरेबिकात थोडा धुवून प्रक्रिया केलेला रोबस्टा (या कॉफीच्या दोन मुख्य जाती) मिसळलेला असेल, तर घरच्या एस्प्रेसोसाठी मला त्याहून चांगली सुरुवात सुचत नाही. रोबस्टाला कमअस्सल समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचेच प्रमाण जास्त आहे, इटली आपल्या कॉफीचा मोठा ग्राहक आहे, आणि तिथल्या अनेक मिश्रणांना दाटपणा आणि क्रेमा रोबस्टाच देतो. आंबटपणा अजिबात नको असेल तर मॉन्सून्ड मलबार घ्यावी. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेल्या या दाण्यांत आम्लता उरत नाही. तेलाने चकाकणाऱ्या काळ्याकुट्ट बिया मात्र टाळाव्यात, कारण ते तेल ग्राइंडरच्या चकत्यांवर साचते आणि खवट होते.

बिया हवाबंद डब्यात, शेगडीपासून दूर ठेवाव्यात आणि करतानाच दळाव्यात. जूनच्या मध्यापासून आपल्याकडची हवा दमट होते आणि मे महिन्यात जमलेली २८ सेकंदांची धार त्याच बियांवर, त्याच टिचकीवर बदललेली आढळते. त्या वेळी यंत्राला दोष न देता घड्याळ लावून दोन-तीन कप काढावेत आणि दळण एखाद-दुसरी टिचकी सरकवावे. मोका पॉटला एवढा फरक जाणवत नाही. त्याच्यासाठी त्याच बिया, त्याच ग्राइंडरवर बऱ्याच जाडसर दळाव्यात, आणि एस्प्रेसोची बारीक पूड त्यात दाबून कधीही भरू नये, कारण तिथे वाट तुंबली तर दाब आवरायला फक्त बाजूची ती एक छोटी झडप असते.