कुत्र्याच्या कानात तेल घालू नका

कुत्रा कान खाजवू लागला की कोमट खोबरेल सोडावं, असा समज घरोघरी आहे. त्याने त्रास वाढतो. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते. तेल त्या वळणावर साचतं, ओल कोंडते. शिवाय कानात वाढणारी मॅलासेझिया ही यीस्ट स्निग्ध पदार्थांवरच पोसते. कान लाल, दुखरा किंवा आंबूस वासाचा असेल तर काहीही न घालता आधी पशुवैद्याकडून कानाचा पडदा तपासून घ्या. तो फाटलेला असू शकतो.

पडदा शाबूत असेल आणि नुसता मळ साचला असेल, तर प्राण्यांसाठीचा इअर क्लीनर नलिका भरेपर्यंत सोडा, कानाचं मूळ अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या, मग वर आलेला मळ कापसाने पुसा. इअरबड अजिबात नको, मळ आतच ढकलला जातो.